सहीआधी प्रश्न

बँकेत सही ही फार मोठी गोष्ट असते. नोकरीची तीस-बत्तीस वर्षे मी सह्या पारखण्यात घालवली. यंत्रमागवाल्यांचे धनादेश असोत, सुताच्या व्यापाऱ्यांची कर्जाची कागदपत्रे असोत की जामीनदारांची हमीपत्रे, नमुन्याच्या सहीशी ताडून पाहिल्याशिवाय एक रुपया हलत नसे. म्हणूनच डॉ. जयंत नारळीकरांची एक सवय प्रथम ऐकली, तेव्हा मला तिचे विशेष कौतुक वाटले. व्याख्यान संपले की मुले सहीसाठी वह्या पुढे करीत. नारळीकर त्यांना सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल. बँकेच्या भाषेत सांगायचे तर सही हवी असेल तर आधी प्रश्न तारण ठेवा!

२० मे २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या ८६व्या वर्षी नारळीकर गेले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २५ जूनला, शुभांशु शुक्ला अंतराळात झेपावले. १९८४ सालच्या राकेश शर्मांच्या उड्डाणानंतर ४१ वर्षांनी पुन्हा एक भारतीय तिकडे गेला. घरोघरी दूरचित्रवाणीसमोर गर्दी झाली, शाळांतून टाळ्या वाजल्या. आनंद रास्तच होता. पण उड्डाण काही दिवसांचे असते. त्यातून उठलेले कुतूहल मुलांच्या मनात रुजवायचे, तर पुढे कित्येक वर्षे कोणीतरी मशागत करावी लागते. ती कोण करणार?

अमेरिकेच्या सॅली राइड यांनी हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला होता. १९८३ साली अंतराळात जाणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला. १९८७ साली त्यांनी ‘नासा’ सोडली, विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवले, मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके लिहिली आणि मुलींना विज्ञानाकडे वळवण्यासाठी २००१ साली एक संस्थाही काढली. आपल्याकडे हे काम ज्यांनी केले, ते नारळीकर यानात कधी बसले नाहीत. तरीही मराठी घरांना आकाशाचा परिचय करून दिला तो त्यांनीच.

नारळीकरांचा जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा. वडील विष्णुपंत बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. बनारसहून ते केंब्रिजला गेले आणि १९५९ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. पुढे फ्रेड हॉएल यांच्यासोबत १९६४ साली त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. दुसऱ्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण दिले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे २६! अशा माणसाने आयुष्यभर केंब्रिजला राहायचे ठरवले असते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण १९७२ साली ते मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत आले.

त्यानंतरची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खुद्द नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. पद्मभूषणाच्या वजनावर कथा निवडली जाऊ नये, ती कथा म्हणून टिकते का, हे त्यांना पाहायचे होते. मीही चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. आपले नाव झाकून हस्तलिखित पाठवण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘आकाशाशी जडले नाते’ अशी पुस्तके आली. १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली. नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. जागतिक दर्जाच्या या संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने होऊ लागली. मुलांनी स्वतः हाताळून विज्ञान शिकावे म्हणून मुक्तांगण विज्ञान शोधिका निघाली. तिला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानने हातभार लावला. अरविंद गुप्ता तिथे टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवून विज्ञान शिकवीत.

नारळीकरांचे सगळेच म्हणणे शास्त्रज्ञांनी मान्य केले, असे नाही. विश्व एका महास्फोटातून जन्मले, हे त्यांना पटत नव्हते. १९६५ नंतर पुरावे महास्फोटाच्या बाजूने जमत गेले आणि बहुतेक शास्त्रज्ञ तिकडे झुकले. नारळीकर मात्र गणिते मांडून वाद घालीत राहिले. मला यात उणेपणा दिसत नाही. बहुमताविरुद्ध, पण गणिताच्या आधाराने कसे बोलावे, याचाही तो धडाच होता.

फलज्योतिषाबाबत त्यांनी नुसती टीका केली नाही, चाचणी घेतली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने हुशार आणि मतिमंद मुलांच्या दोनशे पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणाची, ते ओळखायला सांगितले. २७ जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांची सरासरी होती ४६ टक्के. नाणे उडवले असते, तरी पन्नासच्या आसपास मिळाले असते! हिशेब मांडला की वाद आपोआप लहान होतो, हे बँकेतल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आता आमच्या भिवंडीकडे पाहू. इथे रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट असते. नाशिक महामार्गालगत गोदामांच्या रांगा वाढल्या, त्यांच्या दिव्यांनी रात्रीचे आकाश फिके पडले. एकाच गल्लीत मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणारी मुले वाढतात. माग बघून मोठी झालेली ही मुले यंत्राला घाबरत नाहीत. धोटा उलटसुलट का धावतो, धागा तुटला की माग कसा थांबतो, असे त्यांचे प्रश्न असतात. पण शाळेत गेल्यावर ‘हे परीक्षेला येणार नाही’ हे वाक्य कानी पडले की प्रश्न आटतात. मलाही शाळेत हेच ऐकावे लागले होते. आणि कबूल करायला हवे, पुढे काउंटरपलीकडे बसल्यावर ‘व्याज असे का लावले?’ विचारणाऱ्या माणसाला मीही ‘नियम आहे’ म्हणून वाटेला लावले आहे. प्रश्न मारायला वेळ लागत नाही. उत्तर द्यायला मात्र बसावे लागते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. पण दहा वर्षांच्या मुलाला कृष्णविवर मराठीत समजावून सांगणारे किती लेखक आज आपल्याकडे आहेत? साहित्यिकांनीही नारळीकरांना २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले, तेव्हा ते त्र्याऐंशीचे होते. विज्ञान लिहिणाऱ्याला साहित्याच्या मांडवात मधल्या खुर्चीवर बसायला एवढा उशीर लागला.

आणखी भारतीय अंतराळात जातील, तेव्हाही टाळ्या वाजतील, मुले सह्या मागतील. त्या रात्री आपल्या घरातले मूल गच्चीवर येऊन काही विचारील. उत्तर येत नसेल, तर ‘झोप आता’ म्हणू नका. ‘चल, शोधू या’ म्हणा. पोस्टकार्ड नसले तरी चालेल.