सेवा दारातच आहे!

परवा नातवाने फोनवर विचारले, "आजोबा, वणीत रद्दी-प्लास्टिक न्यायला कोणी आहे का?" अरे, तो हातगाडी घेऊन दारात ओरडतोच की! आपण मात्र दोन रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घालतो.

पुण्यात कचरावेचक आणि भंगारवाल्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा उचलू लागली. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करा, असे २०१६ च्या नियमांनीही सांगितले. आपण उष्ट्यात कागद कालवतो, मग तो कोण घेणार?

गडावरच्या यात्रेकरूंना नावे ठेवण्याआधी आपली बादली बघा. दोन डबे ठेवा. भंगारवाल्याला पाणी विचारा.

असो. मास्तरकी काही सुटत नाही!