घोस्टची आजी

रोल्स-रॉइसच्या आजच्या 'घोस्ट'ला १९०७ सालच्या 'सिल्व्हर घोस्ट'ची नात म्हणण्याची चाल मोटारींवर लिहिणाऱ्यांत पडली आहे. आम्हांस हें नातें मान्य नाहीं. दत्तकपत्रानें घराणें चालतें, रक्त चालत नाहीं; आणि येथें तर दत्तकविधानहि बाजारांत झालें. १९९८ सालीं इंग्लंडांतील क्रू येथील जुना कारखाना फोक्सवागननें घेतला आणि मोटारींवर तें नांव घालण्याचा हक्क बीएमडब्ल्यूनें मिळविला. या दुसऱ्या मालकाच्या गाड्या २००३ पासून गुडवुड येथें तयार होतात. त्या वाईट आहेत असें कोण म्हणतो? पण मग आजीचें नांव कशाला?

आजीनें तें नांव कष्टानें मिळविलें होतें. १९०७ सालीं लंडन व स्कॉटलंड यांच्या दरम्यान, रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं, तिची कसोटी झाली. ६२९ मैलांवर धक्क्यानें पेट्रोलची तोटी मिटली व गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल ती आपल्या दोषानें एकदांहि थांबली नाहीं! पुढें तिचा सांधान् सांधा सोडून पाहिला. ती पुन्हां नव्यासारखी करण्यास लागलेल्या सुट्या भागांची किंमत भरली २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. तिची शांतता ही अशा कारागिरीची सावली होती.

नातीची शांतता निराळी. २०२० सालच्या 'घोस्ट'मध्यें आवाज शोषणारें शंभर किलोंहून अधिक सामान भरलेलें आहे. इतकें करून आंत एवढी नीरवता झाली कीं माणूस गोंधळून जाईल, म्हणून एक मंद गुंजन मुद्दाम राखलें, असें निर्मातेच अभिमानानें सांगतात. आधीं आवाज मारावयाचा आणि मग तोलूनमापून थोडा जिवंत ठेवावयाचा! पाठांतरास विद्वत्ता म्हणणारे आमच्या धंद्यांत पुष्कळ भेटतात. त्यामुळें असल्या कौतुकानें आम्ही फारसे दिपत नाहीं.

जुन्याचे आंधळे पुजारी मात्र आम्ही नव्हे. आरंभींच्या 'सिल्व्हर घोस्ट'ला पुढच्या चाकांचे ब्रेक नव्हते. ते १९२४ सालीं आले. ती हँडल मारून सुरू करावी लागे. रात्रीं पावसांत घाट उतरावयाचा असेल तर आम्ही निःशंकपणें नव्या गाडींत बसूं, आणि मुलाबाळांनाहि तींतच बसवूं.

वाद आहे तो मालकीचा. जुन्या गाडीचें बॉनेट उचललें कीं यंत्र समोर दिसे. हुषार मिस्त्रीस तें उलगडतां येई आणि जिज्ञासु मालकास समजूनहि घेतां येई. आजच्या गाडीचें झांकण उघडलें तर खालीं दुसरें झांकण! पुढचें वळण उपग्रहाच्या साह्यानें ताडून ती आपला गिअर आपणच निवडते. पैसे मोजणारा तींत पाहुण्यासारखा बसतो, आणि यासच श्रीमंती म्हणावें असा आग्रह आहे.

राहतां राहिली खुद्द आजी. १९९८ च्या त्या वाटणींत ती क्रूच्या कारखान्याबरोबर गेली, म्हणजे फोक्सवागनच्या घरीं. नांव सांगणाऱ्या नातीच्या घरीं ती आलीच नाहीं.