कम्प्युटर भंगारात देण्याआधी त्याची ग्राफिक्स चिप बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. दिवाळी आठवड्यावर आली होती. तेव्हापासून माझ्याकडे जुनं मशीन घेऊन येणाऱ्यांचं बोलणं जवळपास सारखंच असतं. दारव्ह्याहून आलेला एक भाऊ म्हणाला, “पोरगा म्हणते, हा कम्प्युटर आता नेटले जोडू नका. भंगारात देऊन टाकाव म्हणतो. नवा घेतला तं पोट्टे गेम तरी खेळतीन.”

त्याचं मशीन सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं होतं. आठ जीबी रॅम, डिस्क ठणठणीत, आत काहीही बिघडलेलं नाही. पण विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही. तेवढ्यामुळे ते मशीन बाद ठरलं होतं. मी त्याला म्हटलं, शनिवारपर्यंत माझ्याकडे राहू दे. शनिवारी तो मुलाला घेऊन आला तेव्हा त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालू होती आणि पडद्यावर सुपरटक्सकार्ट या गेममधली गाडी धावत होती. मुलगा खुर्चीवरून उठेना.

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवडा, कुठेही असाल. घरात असं मशीन असेल तर ते विकू नका, फेकू नका. आधी आत कोणती ग्राफिक्स चिप आहे ते बघा. लिनक्सवर गेम चालतील की नाही, हे प्रोसेसरपेक्षा त्या चिपवर आणि तिच्या ड्रायव्हरवर जास्त ठरतं.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. झरीच्या बाजारात कोलामी बोलणारी आजी आणि मराठीच समजणारा व्यापारी यांच्यामध्ये कोणी उभं राहिलं नाही तर सौदा होत नाही. गेम एक भाषा बोलतो, चिप दुसरी. दुभाष्या चांगला असेल तर चित्र सरसर उमटतं. तो नसेल तर सगळं चित्र बिचारा प्रोसेसर एकटा काढत बसतो आणि गेम गोगलगायीसारखा चालतो. “लिनक्सवर गेम चालतच नाही” असं जे ऐकू येतं, त्यातल्या कितीतरी तक्रारी मी उघडून पाहिल्या, तर तिथे योग्य ड्रायव्हर बसलेलाच नव्हता.

दहा वर्षांपूर्वी ती तक्रार बऱ्याच अंशी खरी होती. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून बनत आलं आहे, पण नवे गेम त्यावर अडखळायचे. स्टीम हे गेमचं दुकान २०१३ मध्ये लिनक्सवर आलं. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीमच्याच वॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं आणि चित्र पालटलं. विंडोजचा गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके नावाचा भाग ते व्हल्कनच्या भाषेत आणतो. व्हल्कन समजणारा ड्रायव्हर ते चिपला सांगतो. २०२२ मध्ये त्यांनी हातात धरून खेळायचं स्टीम डेक विकायला काढलं, तेही लिनक्सवरच चालतं. आपल्याला त्या यंत्राशी देणंघेणं नसलं तरी त्याच्यासाठी ड्रायव्हरवर झालेलं काम आपल्या जुन्या डेस्कटॉपला आयतं मिळतं.

आता चिपा. इंटेलची सहावी-सातवी पिढी असेल तर मला सर्वांत आनंद होतो. तिचा ड्रायव्हर खुला आहे, लिनक्ससोबतच येतो, व्हल्कन नीट समजतो. वेगळं काही बसवावं लागत नाही. ज्या मशीनला विंडोज ११ ने दारातच अडवलं, तेच इथे विनातक्रार चालतं. चौथ्या पिढीचं असेल तर व्हल्कन अपुरं आहे. तिथे प्रोटॉनच्या मागे लागू नका, लिनक्ससाठीच बनलेले गेम खेळा. आणि प्रोसेसरमधल्याच चिपवर मोठे नवे गेम पळतील अशी आशा कोणत्याही पिढीकडून ठेवू नका.

एएमडीचं कार्ड असेल तर तुम्ही नशीबवान आहात. त्याचाही ड्रायव्हर खुला आणि सोबतच येणारा. या एका गोष्टीचं मोल किती, ते सांगतो. रेडिऑन एचडी ७००० मालिकेतली पहिली कार्डं २०११ च्या अखेरीस जाहीर झाली आणि २०१२ मध्ये बाजारात आली. जून २०२१ मध्ये खुद्द कंपनीने विंडोजवरच्या त्यांच्या नव्या ड्रायव्हरांचं काम थांबवलं. लिनक्सवर मात्र कोड सगळ्यांसमोर असल्यामुळे इतरांना हात घालता आला, आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, ६.१९ या आवृत्तीपासून ही कार्डं जुना ड्रायव्हर सोडून आपोआप नव्या एएमडीजीपीयू ड्रायव्हरवर चालू लागली. हे काम वॉल्व्हसाठी काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने केलं. कार्ड चौदा वर्षांचं, बनवणाऱ्याने हात झटकलेले, तरी ते सुधारतंय. आपल्याकडे एक वस्तू दोन पोरांना पुरवायची असते, म्हणून ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

एनव्हिडियाशी जास्त सांभाळून वागावं लागतं. वर्षानुवर्षं या कंपनीने ड्रायव्हर बंद ठेवला. नूवो नावाचा खुला ड्रायव्हर स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं बाहेरून तपासून तपासून लिहिला. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीवरचा संताप जाहीरपणे बोलून दाखवला होता. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये चालणारा भाग खुला केला, तोही फक्त ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी. जीटीएक्स १६५० ट्युरिंगमध्ये येतं. आपल्याकडच्या अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये तेच आहे. ते ज्यांच्याकडे आहे त्यांनी निवांत राहावं.

जीटीएक्स ७५० टीआय, ९५०, १०५०, १०६० ही कार्डं असतील तर ५८० क्रमांकाची ड्रायव्हर मालिका त्यांच्यासाठी शेवटची. त्याहून मोठा आकडा दिसला म्हणून तो बसवायला जाऊ नका. आणि जीटी ७१०! स्वस्त पडतं म्हणून कितीतरी दुकानदारांनी ते जुन्या मशीनमध्ये बसवून दिलं आहे. त्याची मालिका ४७०, तिथेच त्याचं आयुष्य थांबलं. तो ड्रायव्हर व्हल्कन १.२ पर्यंतच जातो आणि प्रोटॉन ८ पासून पुढे १.३ लागतं. म्हणून स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉन ७ किंवा त्याआधीचं निवडा. बरेच जुने गेम त्यावर चालतात. जीटी ७३० च्या नावाखाली तर दोन वेगवेगळ्या चिपा विकल्या गेल्या, त्यामुळे खोक्यावरच्या नावावर विसंबू नका.

कोणती चिप आहे हे कळायला मशीन उघडावं लागत नाही. मिंटच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये सिस्टिम इन्फो उघडा, ग्राफिक्सची ओळ वाचा. अधिक तपशिलाच्या अहवालात रेंडररपुढे एलएलव्हीएमपाइप असा शब्द दिसला तर समजा, चिप झोपलेली आहे आणि प्रोसेसरच चित्र काढतोय. हे सगळं काही न पुसता, नुसत्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करूनही बघता येतं. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो.

ड्रायव्हर मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवू नका. विंडोजची सवय आपल्याला तिथेच नेते. मीही पूर्वी तेच केलं होतं. एका रात्री तसा ड्रायव्हर बसवला, पंधरा दिवसांनी कर्नेल अपडेट झालं, आणि सकाळी पडदा काळा. विद्यार्थ्याचं मशीन होतं, दुसऱ्या दिवशी त्याला प्रोजेक्ट सादर करायचा होता. तो दिवस मी विसरलेलो नाही. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे, उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रकारात ॲडिशनल ड्रायव्हर्स आहे. तिथे जो ‘रेकमेंडेड’ लिहिलेला असेल तो निवडा. कर्नेल बदललं की तो स्वतः जुळवून घेतो.

एनव्हिडियाच्या बाबतीत आणखी एक जागा आहे जिथे माणसं हमखास चुकतात. मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुन्हा सुरू करताना निळा पडदा येतो. काहीतरी बिघडलं असं वाटून माणूस घाबरतो आणि ‘कंटिन्यू’ दाबतो, किंवा नुसता बघत बसतो आणि दहा सेकंदांत तो पडदा निघून जातो. मग ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही. त्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. एकदाच.

आणि वीज. गावाकडे ती कधी जाईल याचा नेम नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. ड्रायव्हर अर्धा बसलेला असताना लाइट गेली तर मशीन उठेलच असं नाही. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा मागा, नाहीतर लाइट टिकते त्या वेळेला काम करा. आधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने एक स्नॅपशॉट घ्या. बिघडलं तर दहा-पंधरा मिनिटांत कालच्या स्थितीवर येता येतं. टाइमशिफ्ट घरचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळत नाही हेही लक्षात असू द्या. लिनक्स बसवण्याआधी सातबाऱ्याच्या प्रती, मार्कशीट, लग्नाचे फोटो वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. पुसलेलं परत येत नाही.

मे महिन्यात खेळणार असाल तर कॅबिनेटचा पंखा आधी साफ करा. ज्यांच्या घरात वेचणीनंतर कापूस साठतो त्यांच्या पंख्यात मी तंतूंचा अक्षरशः नमदा पाहिला आहे. तिथे कोणताही ड्रायव्हर काही करू शकत नाही.

आता ज्या गोष्टी होत नाहीत त्या स्पष्ट सांगतो, कारण खोटी आशा दाखवून बसवलेलं लिनक्स आठवड्यात पुसलं जातं. व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट नाही, पबजी नाही. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून बंद आहे, एपेक्स लेजेंड्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेरपासून. दोष ड्रायव्हरचा नाही. फसवणूक पकडणारी त्यांची यंत्रणा लिनक्सला आत घेत नाही, आणि ते दार कंपनीनेच उघडायचं असतं. मुलगा दिवसभर फक्त व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याच्यासाठी लिनक्स नाही. त्याला तसं आधीच सांगा.

काउंटर-स्ट्राइक मात्र थेट लिनक्सवर चालतो. कॅफेत तासाचे पैसे मोजून आपण जो १.६ खेळायचो, तोही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ विकत घ्यायचा असेल तर आधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर त्याचं नाव टाकून, आपल्यासारख्याच चिपवर लोकांना काय अनुभव आला ते वाचा. कोणत्याही गेमसाठी तीच सवय लावा. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर गेम ठेवू नका, प्रोटॉन तिथे रुसतं. फुकट आणि खुले गेमही पुष्कळ आहेत. ‘झिरो ए.डी.’मध्ये मौर्यांचं साम्राज्य निवडून हत्ती घेऊन लढता येतं, आणि त्यासाठी कोणाला एक रुपया द्यावा लागत नाही. पेन ड्राइव्हवर फिरणारे क्रॅक केलेले गेम मात्र घरात घेऊ नका. ज्या मशीनवरून तुम्ही पीक विम्याचा अर्ज भरता, बँकेत शिरता, त्यावर कोणा अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम चालवायचा नसतो.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी आवाजातले धडे आहेत, लिनक्सचेही. छोटे आहेत, फुकट आहेत, थांबवून थांबवून करता येतात. नववीतल्या मुलीने ते बघत वडिलांचं मशीन उभं केलेलं मी पाहिलं आहे.

आणि एक विनंती अभियांत्रिकीच्या मुलामुलींना. यवतमाळचं जवाहरलाल दर्डा महाविद्यालय, पुसदचं बाबासाहेब नाईक महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. महिन्यातला एक रविवार काढा. एखाद्या शाळेची किंवा वाचनालयाची खोली मागा, चार टेबलं लावा, लोकांना मशीन घेऊन यायला सांगा. निळ्या पडद्यापाशी अडलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहायला फक्त दोन मिनिटं लागतात, पण ती दोन मिनिटं कोणी दिली नाहीत तर मशीन भंगारवाल्याकडे जातं.

तिथे येणाऱ्यांनी नुसतं कॅबिनेट आणू नये. पॉवर केबल, की-बोर्ड, माउस, ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, आणि घरच्या फाइली आधीच काढून ठेवलेली डिस्क. मॉनिटर तिथला वापरू. आणि ज्याला गेम खेळायचे आहेत त्या पोराला सोबत आणा. पुढच्या वेळी ड्रायव्हर त्यालाच बसवायचा आहे.