सॉलिड-स्टेट बॅटरी कधीच पेटत नाही? पॅरिसचा अनुभव काय सांगतो

‘उद्याची बॅटरी’ म्हणून सॉलिड-स्टेटचा गवगवा आहे. पॅरिसमध्ये मात्र ‘ऑटोलिब’च्या भाड्याच्या मोटारी २०११ पासूनच अशा बॅटरीवर धावत होत्या. ज्वलनशील द्रवाऐवजी त्यात पॉलिमर इलेक्ट्रोलाइट होते. मेख इथेच आहे. पॉलिमरच्या लांब साखळ्या हलल्या तरच लिथियमचे आयन पुढे सरकतात. त्यासाठी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. म्हणजे गाडी उभी असतानाही बॅटरी तापवत ठेवायची, तीही वीज खर्चून!

आणि सुरक्षितता? याच प्रकारच्या बॅटरीवर चालणाऱ्या दोन बस एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये पेटल्या. १४९ बस रस्त्यावरून काढाव्या लागल्या. द्रव गेला, तरी आत धातुरूप लिथियम असतेच. कंपन्यांच्या घोषणांत रेंजचा आकडा ठळक असतो. बॅटरी किती तापमानाला चालते, हा आकडा आधी शोधा.