अर्धा कोयता आणि आठवीचं बीजगणित

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली एक उत्तर तयार असतं : आता मोबाईलवर सगळं शिकायला मिळतं. बीजगणित अडलं? त्याचा व्हिडिओ आहे. अपूर्णांकांची समीकरणं सुटत नाहीत? त्याचाही पाच मिनिटांचा व्हिडिओ आहे. हे उत्तर निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल स्त्री-संघटनांनी बोलायला हवं. गणित हा विषय आपण आजवर शाळेवर सोडून दिला; पण बीड जिल्ह्यात तरी त्याचा थेट संबंध बाईच्या मजुरीशी आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती जोडीला. पहाटे उठून स्वयंपाक करायचा, पाणी भरायचं, मग दिवसभर फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या आणि रात्री कोपीवर येऊन पुन्हा चूल पेटवायची. एवढं करून बाईचा हिस्सा कागदावर एक द्वितीयांश. पैसा हातात येताना मात्र तो नवऱ्याच्या हातात येतो आणि तिच्या वाट्याचा अर्धा शून्य होतो. अपूर्णांक या बायकांना परके नाहीत. त्या अपूर्णांकातच जगतात, पण तो मांडण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

या जगण्याची किंमतही आकड्यांत नोंदली गेली आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. भागाकार करून पाहा : जवळजवळ एक षष्ठांश. दर सहा जणींमागे एक. पाळी आली म्हणून खाडा केला तर दंड कापला जातो, ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. पाच आकडी संख्या वाचून आपण पान उलटतो. ‘सहातली एक’ म्हटलं की टोळीतल्या बायका डोळ्यांसमोर उभ्या राहतात. गणित येणं म्हणजे हेसुद्धा.

आता याच घरांतल्या मुलींकडे पाहू. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचं निम्मं वर्ष जातं. आई-बापांबरोबर गेलेली मुलगी कोपीवर धाकटी भावंडं सांभाळते. गावात आजीजवळ राहिलेली घर सांभाळून शाळेत जाते. इतिहासाचा एखादा धडा बुडाला तरी पुढचा समजतो. गणिताचं तसं नाही. पाचवी-सहावीत अपूर्णांकांची बेरीज चुकली, समच्छेद करणं राहून गेलं, तर आठवीत समीकरणात छेद दिसला की मुलगी थबकते. मग ‘हिला गणित येत नाही’ असा शिक्का बसतो. नापास झाली की घरच्यांना लग्नाचं कारण मिळतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या, म्हणजे वीस ते चोवीस वयाच्या, शंभर तरुणींपैकी चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. बालविवाहाची कारणं अनेक आहेत, पण शाळेतून सुटलेली मुलगी आधी सापडते, हे आपल्याला गावोगाव दिसतं.

व्हिडिओचा गुण नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत सलमान खान नावाच्या गृहस्थांनी (सिनेमातले नव्हेत) २००४ मध्ये नादिया या नात्यातल्या मुलीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली, आणि २००६ पासून त्याचे छोटे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. आज जगभर पसरलेल्या ‘खान अकॅडमी’चं मूळ हे, एका मुलीला गणित अडलं होतं. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, दहा वेळा पाहिला तरी कोणी हसत नाही. वर्गात ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायला लाजणाऱ्या मुलीला याचा मोठा आधार आहे. आपल्याकडेही २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा ‘दीक्षा’ ॲपवर धडे होते आणि सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका होती. साधनं नव्हती असं नाही.

प्रश्न आहे साधन कोणाच्या हातात, हा. घरातला एकमेव स्मार्टफोन बापाच्या किंवा भावाच्या खिशात असतो. मुलीने मागितला की आधी संशय येतो : कशाला हवा? कोणाशी बोलायचंय? भावाला हा प्रश्न विचारला जात नाही. ज्या सर्वेक्षणाचा उल्लेख वर केला, त्यातच महाराष्ट्रातल्या जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक बायकांकडे स्वतःला वापरता येईल असा मोबाईल होता. कोणताही व्हिडिओ हा अडथळा आपोआप ओलांडत नाही.

दुसरी अडचण शिकवण्यातली. एक उदाहरण घेऊ. मुकादम सांगतो, ‘तुमची पाव उचल आधी फिटली, नंतर निम्मी फिटली, आता वीस हजार बाकी.’ उचल ‘क्ष’ मानली तर क्ष/४ + क्ष/२ + २०,००० = क्ष. छेद घालवायला दोन्ही बाजूंना चारने गुणायचं : क्ष + २क्ष + ८०,००० = ४क्ष. म्हणून क्ष = ८०,०००. इथे पुष्कळ मुली ‘क्ष’ असलेल्या पदांनाच चारने गुणतात आणि वीस हजार तसेच ठेवतात. उत्तर येतं वीस हजार. म्हणजे उचलही वीस हजार आणि बाकीही वीस हजार! हे शक्य नाही, हे उत्तर मूळ प्रश्नात घालून पाहिलं की कळतं. व्हिडिओतली व्यक्ती बरोबर रीत दाखवून निघून जाते. आपल्या मुलीची चूक तिला दिसत नाही. ती दिसायला शेजारी बसलेलं माणूस लागतं.

आणि पुढे पाहा. आईला पक्कं आठवतं, उचल पंच्याहत्तर हजार घेतली होती. मग पाऊण फिटल्यावर बाकी हवी १८,७५०. वरचे साडेबाराशे कुठून आले? हा प्रश्न आठवीतली मुलगी विचारू शकते. पावकी-निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेल्या आज्या अजून आपल्यात आहेत. त्यांचा तोंडी हिशेब आणि नातीचं समीकरण एकत्र आलं तर मुकादमाच्या वहीला उत्तर देता येईल. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती आपल्या हिशेबात उतरली की नाही, हे टक्केवारी येणाऱ्यालाच तपासता येतं.

म्हणून मैत्रिणींनो, हे काम आपण अंगावर घ्यावं. गावातल्या एका फोनमध्ये व्हिडिओ आधीच उतरवून घ्यावेत, म्हणजे रेंज आणि रिचार्ज आडवे येणार नाहीत. बचत गटाच्या बैठकीच्या जागी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींना एकत्र बसवावं. पाच मिनिटं पाहायचं, अर्धा तास वहीत सोडवायचं. बारावी झालेली गावातली एखादी ताई चुका पाहायला असावी आणि तिला मानधन मिळावं. टोळीबरोबर मुली जातात तिथे, कारखान्याच्या तळावरही, हीच बैठक भरावी. आणि कोयता, टन, उचल, कमिशन यांची उदाहरणं घेऊन मराठवाडी बोलीत आपले व्हिडिओ आपणच करावेत.

सरकारला मात्र एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. मोबाईलवर धडे आहेत म्हणून हंगामी वसतिगृहं, शिक्षकांच्या जागा आणि मुलींसाठी एसटी यांत काटछाट चालणार नाही. या गोष्टी असतील तर व्हिडिओ कामाचा. येत्या हंगामाच्या टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या सातवी ते दहावीच्या मुलींची यादी करावी : कोण जाणार, कोण राहणार, कोणाजवळ राहणार आणि फोन कोणाच्या हातात असणार. कामाला तिथूनच सुरुवात करू.