रात्रपाळी कुणी करायची?

गहू पिकला तर पोत्यात भरून ठेवता येतो. विजेचे तसे नाही. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते, आणि हा तोल देशभर ५० हर्ट्‌झ या आकड्याभोवती राखावा लागतो. मागणी वाढली की आकडा खाली येतो. ३१ जुलै २०१२ रोजी एका वाहिनीला भार पेलवला नाही आणि उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाची वीज गेली.

हा तोल आजवर सांभाळला कुणी? अभियंते म्हणतील, आम्ही. माझ्या मते त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याचा आहे. मागणी चढली की शेतीचा फीडर बंद, आणि सगळे झोपले की चालू. रात्री दोनला दारे धरायला जाणाऱ्या माणसाला विंचूकाट्याची भीती असते, थंडी असते. शेतीला वीज स्वस्त मिळते हे खरे. पण या जागरणाला ग्रिडची सेवा असे कुणी कधी म्हटले नाही.

आता सौर विजेने वेळापत्रकच उलटे केले आहे. वीज मुबलक ती दुपारी, आणि टंचाई सूर्य मावळल्यावर. म्हणून केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी १० किलोवॉटवरील औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी वेळेनुसार दर सांगितले: सूर्यप्रकाशाच्या तासांत किमान २० टक्के कमी, कमाल मागणीच्या वेळी किमान १.२ पट. कारखान्यांनी छपरांवर पॅनेल बसवली ती याआधीपासूनच. पण दुपारी स्वावलंबी असलेला कारखाना संध्याकाळी सातला पुन्हा ग्रिडच्या दारात उभा राहतो. नुसत्या पॅनेलने त्याचे बिल कमी होते, ग्रिडचा ताण नाही.

त्याला जोड हवी साठवणुकीची. बॅटरी (आमच्या गावी हिचा अर्थ अजून विजेरीच) दुपारी भरून संध्याकाळी वापरता येते, आणि आकडा घसरला तर सेकंदाच्या आत मदतीला येते. प्रत्येकाला ती घ्यावी लागेल असेही नाही. बर्फाच्या कारखान्याने दुपारी बर्फ जमवला तर तीच साठवण. सिमेंटची भट्टी थांबवता येत नाही, पण दळणाची गिरणी दोन तास बंद ठेवता येते, कारण क्लिंकर साठून राहतो.

कुणी म्हणेल, सक्ती केली तर उद्योग दुसऱ्या राज्यात जातील. शेत दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, म्हणून शेतकऱ्याला ही धमकी कधी देताच आली नाही! मात्र औद्योगिक वसाहतीतल्या लहान वर्कशॉपवाल्यावर बॅटरीचा खर्च लादणे मलाही पटत नाही. त्याला कर्ज द्यावे, आणि संध्याकाळी न उचललेल्या प्रत्येक युनिटचे पैसेही. मोठ्या कारखान्यांना मात्र छपरावरील सौर प्रकल्पाची परवानगी देतानाच काही तासांच्या साठवणुकीची अट घालावी, आणि त्यातून संध्याकाळी जो भार हलका होईल त्याचा हिशेब दर महिन्याला जाहीर करावा.