शून्य टक्क्याचे व्याज भरतो कोण?

कर्ज काढून पैसा कमावता येतो, असे कोणी सांगितले तर आपल्याकडचा सामान्य माणूस त्याला वेड्यात काढील. सावकाराच्या वहीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना कर्ज म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. परंतु ब्रिटनमध्ये 2000 नंतरच्या दशकात अनेक मध्यमवर्गीय नोकरदारांनी नेमका हाच उद्योग केला. बँकेचे पैसे बिनव्याजी उचलायचे, बचत खात्यात ठेवायचे आणि येणारे व्याज खिशात घालायचे. तिकडे या प्रकाराला 'स्टूझिंग' असे नाव पडले.

हिशेब सरळ आहे. नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी क्रेडिट कार्ड कंपनी वर्षभर शून्य टक्के व्याजाची सवलत देते. नोकरदार घरखर्च कार्डावर करतो आणि वाचलेला पगार बचतीत टाकतो. दरमहा कार्डाचा किमान हप्ता तेवढा भरतो आणि मुदत संपण्यापूर्वी सगळी रक्कम फेडून मोकळा होतो. 5,000 पौंड वर्षभर 5 टक्क्यांनी ठेवले तर 250 पौंड सुटतात. किमान हप्त्यांमुळे मुद्दल घटत जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमीच.

जुलै 2007 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर 5.75 टक्के होता, तोवर हे चालले. त्याच काळात कंपन्यांनी एका कार्डावरची बाकी दुसऱ्यावर नेण्यासाठी शुल्क लावायला सुरुवात केली. मार्च 2009 मध्ये मूळ दर 0.5 टक्क्यावर आला आणि नफाच संपला. ऑगस्ट 2023 मध्ये हा दर 5.25 टक्क्यांवर पोहोचला तेव्हा ही युक्ती पुन्हा जिवंत झाली.

आता प्रश्न असा की, बँका काय धर्मादाय संस्था आहेत? मुळीच नाही. शंभर जणांना बिनव्याजी पैसे देताना त्यांतले काही चुकतील, हे बँकेला पक्के ठाऊक असते. एखाद्याची नोकरी जाते, एखाद्याच्या घरी आजारपण येते, कोणी तारीख विसरतो. हप्ता चुकला की सवलत जाऊ शकते. शिवाय पूर्वी भरलेली रक्कम आधी स्वस्त कर्जाकडे वळवली जाई आणि महाग कर्ज मागे वाढत राही. 2011 पासून ब्रिटनमध्ये हा क्रम उलटा झाला व महाग कर्ज आधी फिटू लागले. तोपर्यंत किती जण या एका बारीक अक्षरांतल्या कलमाने नागवले गेले असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

म्हणजे हुशार माणसाच्या खात्यात पडलेले 250 पौंड आभाळातून पडत नाहीत. कार्डाची बाकी फेडता न येणारा माणूस जे व्याज भरतो, त्याच पैशातून अशा सवलती पोसल्या जातात. अशी माणसे इतकी होती की ब्रिटनच्या नियामकाला 2018 मध्ये खास नियम करावे लागले. 18 महिन्यांत ज्याने मुद्दलापेक्षा व्याज व शुल्कच जास्त भरले, त्याच्याकडे कंपनीने स्वतःहून लक्ष द्यावे, असा तो दंडक.

याच्याही खाली एक वर्ग आहे. त्याची पतच नाही, म्हणून त्याला शून्य टक्क्याचे कार्ड मिळतच नाही. तो पगार होईपर्यंतचे अल्पमुदतीचे कर्ज काढतो. जानेवारी 2015 मध्ये त्यावर मर्यादा घातली गेली, तीही दिवसाला 0.8 टक्का. म्हणजे 100 पौंडांवर महिन्याला 24 पौंड! एकाच शहरात एकाला कर्ज घेतल्याबद्दल कमाई आणि दुसऱ्याला कर्ज घेतल्याबद्दल शिक्षा. हा फरक अकलेचा नाही, पाठीशी असलेल्या शिल्लकीचा आहे.

ही चर्चा आपल्याकडे का? कारण पहिल्या पिढीत पगार पाहणारी आपली मुले आज हीच युक्ती करू पाहत आहेत. त्यांनी भारतातला हिशेब मांडावा. येथे बिनव्याजी मुदत सुमारे 50 दिवसांची. एक लाख रुपये तेवढे दिवस साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर जेमतेम 890 रुपये मिळतात. बाकी थकली आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागले तर 3,500 रुपये जातात, कर व दंड वेगळा. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज.

कायद्याचा आधारही कमीच. वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. आणि शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावले होते.

तेव्हा तरुणांनो, कार्ड जरूर वापरा, पण दर महिन्याला पूर्ण बिल भरा. सहा महिन्यांचा घरखर्च आधी स्वतःच्या घामाच्या पैशातून बाजूला ठेवा. ज्याच्याजवळ ही शिल्लक नाही, त्याच्यासाठी बँकेचा शून्य हा आकडा नसून गळ आहे.